वीस सभासद आणि एक शिक्का

आमच्या घरात आजोबांबद्दल एक गोष्ट पक्की ठरलेली होती. हा माणूस खोटं बोलत नाही. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही. पूर्वपरीक्षेत बाबांना दोन मार्कांनी नापास केलं, तेही वर्गात नाव पुकारून. बाबा अजून ही गोष्ट सांगताना आधी हसतात आणि मग जरा गप्प होतात.

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची गाण्यांची वही मिळाली. लाल कापडी पाठीची, दुकानदार हिशेबाला वापरतात तसली. दर बुधवारचं एक पान. डावीकडे एक ते सोळा आकडे, समोर गाणं, चित्रपट, गायक, संगीतकार आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनने शेरा. 'योग्य'. 'अतिशयोक्ती'. 'हे इथे कसे?' माणूस देशाच्या आवडीनिवडीचे पेपर तपासत होता.

मी इन्स्टावर टाकायला फोटो काढत होतो आणि शेवटचं पान उलगडलं. वर निळ्या शाईत रबरी शिक्का, कुठल्याशा श्रोता मंडळाचा. खाली 'सभासद संख्या – २०' आणि वीस नावं. सगळी एकाच हस्ताक्षरात. त्यात पणजीचं नाव होतं, जिला सिनेमाची गाणी ऐकून डोकं उठायचं. आजोबांच्या दोन मामेभावांची होती, जे तेव्हा पाळण्यात असणार. सतराव्या क्रमांकावर होते 'मोतीराम'.

"आजी, हे मोतीराम कोण?"

आजीने चष्मा वर केला, पान जवळ धरलं आणि तिला हसू आवरेना. "अरे, मोती म्हणजे वाड्यातला कुत्रा."

तर माझे सत्यवचनी आजोबा फेक अकाउंट चालवायचे. हा धक्का पचवायला मला पुढचे दोन महिने वाचत बसावं लागलं. जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात १९४९ पासून करू. त्या वर्षी 'महल' आला. मधुबाला, झोके घेणारा झोपाळा, आणि खेमचंद प्रकाश यांचं ते गाणं जे लांबून चालत येतं आणि अंगावर काटा आणतं. रेकॉर्डचा तुफान खप झाला. पण रेकॉर्डच्या लेबलवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे सिनेमातलं मधुबालाचं पात्र. तेव्हा अशी पद्धतच होती. गाणारी बाई कोण, हे सांगायची गरज कुणाला वाटत नव्हती.

लोकांना मात्र जाणून घ्यायचं होतं. रेडिओवर गाणं लागलं की पत्रं यायची, ही कामिनी कोण? पत्रं इतकी वाढली की शेवटी रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि हवेतून नाव जाहीर केलं. जेमतेम विशीतली मुलगी, लता मंगेशकर. खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी गेले. त्या नावाचं पुढे काय झालं ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

मला यात भारी वाटतं ते हे की ते नाव समीक्षकांनी किंवा निर्मात्यांनी बाहेर काढलं नाही. ज्यांना पोस्टकार्ड लिहिण्यावाचून चैन पडत नव्हतं अशा लोकांनी काढलं. आज आपण एखाद्या रीलमधल्या चार सेकंदांच्या तुकड्याखाली 'गाण्याचं नाव काय, कुणी सांगा रे' म्हणून जे विचारतो, तेच. फक्त उत्तर मिळायला महिने लागायचे.

आता १९५२. या वर्षी दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हीत एकेक माणूस महत्त्वाचा.

पहिले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, शिक्षण पॅरिसच्या सॉर्बाँपर्यंत, स्वतः धृपद शिकलेले, आणि खासदार उत्तर प्रदेशातून. ते नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि थेट १९६२ पर्यंत राहिले. त्यांचं मत स्पष्ट होतं. सिनेमाचं संगीत म्हणजे उथळ, पाश्चात्त्य वाद्यांची खिचडी, आणि सरकारी रेडिओने लोकांची अभिरुची घडवायची असते, बिघडवायची नसते. त्यांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताचा वाटा कापून दहा टक्क्यांवर आणला. वर नियम केला की गायकाचं नाव सांगायचं, चित्रपटाचं सांगायचं नाही, कारण ती फुकटची जाहिरात.

गंमत बघा. तीन वर्षांपूर्वी गाण्याला गायक नव्हता, आता गाण्याला सिनेमा नव्हता. निर्माते भडकले. त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली आणि काही महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली. जो देश रोज गुणगुणत होता, त्या देशाच्या रेडिओवर गाणं नाही.

इथे एक कबुली. मला केसकरांचा राग यायला हवा होता आणि लेख लिहायला बसलो तेव्हा येतही होता. रीलवर ऐकलं होतं की हार्मोनियमवर बंदीही त्यांचीच. ते चूक निघालं. आकाशवाणीने हार्मोनियम बंद केली मार्च १९४० मध्ये, इंग्रजांच्या राज्यात, लायोनेल फील्डन प्रमुख असताना. टागोरांनाही ती पेटी आवडत नव्हती आणि त्यांनी तसं पत्र लिहिलं होतं. बंदी सैल झाली १९७१ मध्ये. केसकरांनी ती उठवली नाही एवढाच त्यांचा हिस्सा. पण खलनायक एकदा ठरला की गावातल्या सगळ्या चोऱ्या त्याच्या नावावर जमा होतात, आणि यात आम्ही ऑनलाइन पब्लिक फार तरबेज आहोत.

शिवाय त्यांच्या काळात झालं काय काय? संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. कलाकारांच्या आवाज चाचण्या सुरू झाल्या, ज्यावरून बुजुर्ग गवय्ये भयंकर चिडले, कारण चाळीस वर्षं गाणाऱ्याची परीक्षा कोण घेणार? रवी शंकर आकाशवाणीचा वाद्यवृंद सांभाळत होते. आणि सिनेमाच्या गाण्याला पर्याय म्हणून सुगम संगीताला जागा मिळाली, जिच्यात मराठी भावगीत चांगलं फोफावलं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक गीत, वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नची छप्पन्न झाली. ते काही केसकरांनी लिहून घेतलं नाही, पण ज्या पोकळीत ते वाढलं ती पोकळी त्यांच्या धोरणाने तयार झाली होती, असं मला वाटतं. म्हणजे आकाशवाणीने नाही म्हटलं नसतं तर गीतरामायणाला तेवढी शांतता मिळाली असती का? मला खात्री नाही.

आमच्या वाड्यात तेव्हा एकच रेडिओ होता, पणजोबांचा. त्याचं लायसन्स दर वर्षी पोस्टात जाऊन भरावं लागे. गीतरामायणाच्या वेळी पणजी अंघोळ करून रेडिओला हार घालायची, वाड्यातल्या बायका सतरंजीवर बसायच्या. आणि त्याच रेडिओला, हार तसाच असताना, बुधवारी रात्री आठ वाजता पंधरा वर्षांचे माझे आजोबा कान लावून बसायचे. काटा फिरवून. आवाज बारीक करून.

काटा कुठे फिरवायचे? सिलोनला. ही १९५२ ची दुसरी गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी कोलंबोत एक दणदणीत शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बसवला होता. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, ट्रान्समीटर सिलोनला मिळाला. त्यावर जाहिराती घेऊन कार्यक्रम करायची सेवा १९५० मध्ये सुरू झाली. आकाशवाणीवर गाणं बंद झालं तेव्हा समुद्रापलीकडे हे यंत्र तयार उभं होतं. टूथपेस्टवाल्यांना गिऱ्हाईक हवं होतं, लोकांना गाणी हवी होती. तेव्हाचा एक विनोद होता. दहा घरांत रेडिओ असेल तर नऊ घरांत सिलोन लागलेलं असतं आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला असतो.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. बिनाका गीतमालाचा पहिला कार्यक्रम. निवेदक अमीन सयानी, वय पुरतं वीसही नाही. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि टेपची रिळं विमानाने कोलंबोला जायची. म्हणजे मुंबईतल्या मुलाचा आवाज सिलोनला जाऊन, तिथून उलटा साताऱ्याला यायचा. सर्व्हर परदेशात ठेवून इथली बंदी चुकवायची आयडिया आपल्या पिढीची नाही, हे लक्षात घ्या.

सयानी सांगायचे की निवेदन, निर्मिती आणि आलेली पत्रं तपासणं या सगळ्याचे मिळून आठवड्याला २५ रुपये मिळत. काम ज्येष्ठ लोकांना परवडणारं नव्हतं म्हणून पोराच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला ती क्रमवारी नव्हतीच. स्पर्धा होती. सात गाणी उलटसुलट वाजवायची, श्रोत्यांनी ती काळाच्या क्रमाने लावून पाठवायची, बक्षीस शंभर रुपये. शे-दोनशे पत्रं येतील असा अंदाज. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार आली. मग आकडा आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, आणि त्या पत्रांच्या ढिगाखाली सापडलेला माणूस आकडा थोडा फुगवत असेल तर मी माफ करायला तयार आहे.

त्यांच्या बोलण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आकाशवाणीची हिंदी तेव्हा संस्कृतकडे झुकत चालली होती. सयानींच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या. सोपी हिंदुस्तानी, पण छापायची देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, नुकतंच वाचायला शिकलेल्या मोठ्या माणसांसाठी. पोरगा त्या अंकांच्या कामात वाढला. त्यामुळे तो बोलायचा ते धनबादपासून साताऱ्यापर्यंत कळायचं. आजोबांचं हिंदी त्याच्याकडूनच आलं. आजी म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदा काशीला गेलो तेव्हा हे टांगेवाल्याशी रेडिओसारखं बोलायला लागले.

पासष्ट हजार पत्रं कोण तपासणार? म्हणून १९५४ अखेरीस स्पर्धा बंद झाली आणि लोकप्रियतेची क्रमवारी सुरू झाली. आणि इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला.

लोकप्रियता मोजायची कशी? ठरलं असं की रेकॉर्डच्या दुकानांकडून विक्रीचे आकडे मागवायचे. साधं, सरळ. पण एक अडचण. गाणं फार गाजलं की दुकानातल्या रेकॉर्डी संपायच्या. माल संपला की विक्री शून्य. विक्री शून्य की गाणं यादीत खाली. म्हणजे ज्या गाण्यावर लोक सगळ्यात जास्त तुटून पडले तेच घसरायचं! मी हसलो नाही, कारण मी एका शॉपिंग ॲपवर काम करतो आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने हाच बग लाइव्ह सोडला होता. 'लोकप्रिय' विभागातून रातोरात सगळ्या चांगल्या वस्तू गायब. स्टॉक नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून नावडती. शोधायला आम्हाला चार दिवस आणि तीन मीटिंगा लागल्या.

गीतमालावाल्यांनी काढलेला उपाय म्हणजे श्रोता संघ. गावोगावच्या रेडिओ क्लबांनी आपापली आवडती गाणी कळवायची, आणि दुकानांच्या आकड्यांना त्यांची जोड द्यायची. मग काय, देशभर क्लब उगवले. अध्यक्ष, चिटणीस, लेटरहेड, शिक्के. फर्माइशींच्या जगात झुमरीतिलैया हे नाव तर इतकं वाजलं की पुष्कळांना ते गाव निवेदकांनी कल्पनेतून काढलंय असं वाटायचं. ते खरं आहे, आज झारखंडमध्ये आहे, अभ्रकाच्या खाणींचं गाव. तिथे पोस्टकार्डं पाठवणाऱ्यांत चुरस असायची, कुणाचं नाव जास्त वेळा वाजतं याची. नाव रेडिओवर ऐकू येणं यापलीकडे मिळायचं काही नाही. लाइकलाही मिळत नाही.

तर या जगात, १९६६ साली, साताऱ्यातल्या एका तरुण मास्तरांनी आणि त्यांच्या टेलर मित्राने दोघांचं श्रोता मंडळ काढलं आणि सभासद दाखवले वीस.

कारण होतं 'गाइड'. वहीत त्या वर्षीची पानं लाल आहेत. सचिनदेव बर्मन आजोबांचे देव. 'गाइड'ची गाणी म्हणजे त्यांच्या मते हिंदी सिनेमाने गाठलेली हद्द. आणि दर बुधवारी समोर होता 'सूरज'. शंकर-जयकिशन, रफी, वरातीत बँडवाले आजही जे वाजवतात ते गाणं. वहीत 'सूरज'समोर एकच शेरा पुन्हा पुन्हा आहे, 'बरे आहे'. साताऱ्यात 'बरे आहे' म्हणजे किती वाईट, ते सातारकरांना विचारा.

वीस सभासदांची मतं दर आठवड्याला गेली. मोतीरामांचंही गेलं. वर्षअखेरीच्या यादीत पहिला आला 'सूरज'. पुढच्या वर्षी फिल्मफेअरच्या सोहळ्यात 'गाइड'ने सात बाहुल्या नेल्या, चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका, सगळं. संगीताची बाहुली 'सूरज'ला. आजोबांनी त्या तारखेच्या पानावर काही लिहिलेलं नाही. फक्त तारीख आहे.

जुन्या गाण्यांच्या कुठल्याही गप्पांत आजही हे भांडण निघतं. साठ वर्षं झाली, मिटत नाही. तसंच १९६० चं. 'मुगल-ए-आझम'च्या वर्षी गीतमालेत पहिलं आलं 'बरसात की रात'मधलं गाणं. मी हे एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, शक्यच नाही, यादी फिक्स असणार. पासष्ट वर्षांपूर्वीच्या यादीवर, जन्माला आला नव्हता तेव्हाच्या! मला वाटतं अशी यादी चुकीची वाटणं हाच तिचा उपयोग. ती बरोबर असती तर आजोबा आणि त्यांचे टेलर मित्र दर गुरुवारी सकाळी शिलाई मशिनपाशी काय बोलले असते?

आणि कधीकधी यादी भलतंच खरं बोलून जाते. १९७५ च्या यादीत पहिलं गाणं प्रेमाचं नाही, विरहाचं नाही, महागाईचं आहे. 'रोटी कपडा और मकान'मधलं, चार गायकांचं. त्यासमोर आजोबांचा शेरा: 'योग्य'. त्या वर्षी बाबा सहा वर्षांचे होते आणि आजोबांनी शिकवण्या सुरू केल्या होत्या.

सिलोनचं पुढे काय झालं ते थोडक्यात. श्रोते चालले हे आकाशवाणीला दिसत होतं. केसकर मंत्री असतानाच, ३ ऑक्टोबर १९५७ ला, विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी सरकारी दारातून परत घरात आली. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि पहिली केंद्रं होती मुंबई, पुणे आणि नागपूर. दहा टक्क्यांपासून जाहिरातींपर्यंत यायला पंधरा वर्षं. गीतमाला स्वतः १९८९ मध्ये विविध भारतीवर आली, पण तेव्हा घराघरात टीव्ही होता आणि आजोबांची वही बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले, एक्याण्णव वर्षांचे होऊन. आजोबा त्याआधी तीन वर्षं. म्हणजे फॅमिली ग्रुपवर ती बातमी बाबांनी टाकली तेव्हा तिच्यावर सगळ्यात लांब कमेंट ज्याने टाकली असती तो माणूस नव्हता. आजीने फुलाचा इमोजी टाकला होता.

वही सापडल्यावर बाबांना मी सगळं सांगितलं. वीस नावं, एक अक्षर, कुत्रा. ते बराच वेळ पान बघत बसले. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "म्हणजे गाइडसाठी मार्क वाढवले."

मी गप्प बसलो. स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, "आणि वाढवूनही नापासच झाला ना तो!" मग मात्र बाबा हसले. मोठ्याने, बऱ्याच वेळाने.

शिक्का कुठे गेला असेल, असं मी आजीला विचारलं. तिने मसाल्याच्या डब्यामागे हात घातला आणि एक काळपट लाकडी मूठ पुढे केली. गेली कित्येक वर्षं ती याने वेलदोडे कुटतेय. श्रीखंडाला, लाडवांना, सगळ्याला. मी लहानपणापासून ती बघत आलोय, कधी उलटी करून पाहिली नव्हती. रबर झिजून गुळगुळीत झालंय. कडेला एक अर्धवट 'ळ' उरलाय, उलटा.